एप्रिलमधला ऑर्केस्ट्रा

स्मरणिका समितीने माझ्याकडे मागितला होता तो लेख गणेशोत्सवातल्या ऑर्केस्ट्रावरचा. आपल्या १९८४ च्या बॅचच्या व्हॉट्सॲप गटावर महिनाभर तोच विषय चालला होता. कोणत्या साली कोणता ऑर्केस्ट्रा आला, किशोरकुमारच्या आवाजात गाणारा तो उंच माणूस पुण्याचा होता की सोलापूरचा, पाऊस आला तेव्हा स्टेजवरची ताडपत्री कुणी धरली. शेवटी कुणीतरी लिहिलं, "तू नांदेडात तीस वर्षं इतिहास शिकवलास, तूच लिही." हो म्हणालो. लिहायला बसलो तेव्हा लक्षात आलं की माझ्या डोक्यातला ऑर्केस्ट्रा भाद्रपदातला नाही, एप्रिलमधला आहे. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी तो पाहिलेला नाही. काहींनी वाऱ्यावर ऐकला असेल. तेव्हा मागितलेल्या लेखाऐवजी हा घ्या.

आधी शब्दाबद्दल. लातूर-नांदेडकडे 'ऑर्केस्ट्रा' म्हटलं की एकच अर्थ. मोकळं मैदान, लाकडी फळ्यांचं स्टेज, मागे रंगीत पडदा, एक निवेदक, दोन गायक, एक गायिका, ढोलक, बोंगो, ॲकॉर्डियन आणि सिनेमाची गाणी. माझ्या वर्गातली मुलं मोबाइलवर व्हिएन्नाचा वाद्यवृंद बघतात, शंभरेक माणसं काळ्या कोटात बसलेली, आणि विचारतात, "सर, यालाही ऑर्केस्ट्राच म्हणतात?" प्रश्न बरोबर आहे. एकच शब्द युरोपातल्या त्या सभागृहातून आपल्या मैदानावर आला कसा? मी माग काढत गेलो, तर वाट डोंगरावरून निघाली. म्हणजे थंड हवेच्या ठिकाणांवरून.

इंग्रजांना आपला उन्हाळा सोसेना म्हणून त्यांनी डोंगर गाठले हे आपण आठवीत शिकलो. मुंबई इलाख्याचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याने १८२८ च्या सुमारास साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांकडून महाबळेश्वरची जागा मिळवली. पुढे एप्रिल-मे महिन्यात सरकारच तिथे जाऊ लागलं. पावसाळा लागला की पुणे, थंडीत मुंबई. गव्हर्नरच्या पदरी स्वतःचा बँड असे आणि त्यात गोव्याचे वादक असत. उत्तरेत सिमला, मसुरी, दार्जिलिंग. सिमल्याच्या रिजवर बँडस्टँड होता. छपराखालचा गोल चौथरा, भोवती मोकळी जागा. आज तिथे हॉटेल आहे. तुमच्यापैकी कुणी सहलीला गेलं असेल तर नकळत तिथे चहाही प्यायला असेल. संध्याकाळी ऊन उतरलं की लष्करी बँड बसायचा. वॉल्ट्झ, एखाद्या ऑपेराचा सुरुवातीचा तुकडा, कवायती चाली आणि शेवटी राणीचं किंवा राजाचं गीत. बाकांवर साहेब आणि मडमा. घोडे धरलेले सईस, मुलं सांभाळणाऱ्या आया, सामान वाहणारे हमाल हे बाहेरच्या बाजूला उभे. संगीत उघड्यावर होतं, पण ऐकण्याची जागा आखलेली होती.

ही आखणी इंग्रजांबरोबर गेली असं समजू नका. ७ सप्टेंबर २०१३ ला श्रीनगरच्या शालीमार बागेत, जहांगीर बादशहाच्या त्या बागेत, म्युनिकच्या बव्हेरियन स्टेट ऑर्केस्ट्राची मैफल झाली. संचालक झुबिन मेहता, मुंबईत जन्मलेला पारशी माणूस, तेव्हा सत्त्याहत्तर वर्षांचा. मैफल जर्मन दूतावासाने भरवली होती. बीथोवनची पाचवी सिंफनी होती आणि काश्मिरी वादकांबरोबर बसवलेली अभय सोपोरी यांची एक रचनाही होती. मी नांदेडात दूरदर्शनवर ती पूर्ण पाहिली. चिनारांची झाडं, कारंजी, मागे डोंगर. दिसायला इतकं सुंदर दृश्य मी क्वचित पाहिलं असेल. पण निमंत्रणं सुमारे दीड हजार होती. शहरात बंद होता, नाक्यानाक्यावर तारा. त्याच दिवशी तिथल्या काही लोकांनी दुसरीकडे 'हकीकत-ए-कश्मीर' नावाचा आपला वेगळा कार्यक्रम केला आणि शोपियानमध्ये गोळीबारात माणसं मेली. पुढच्या वेळी सगळ्यांसाठी स्टेडियममध्ये करू या, असं मेहतांनीच बोलून दाखवलं होतं. माणसाला ते जाणवलं होतं, एवढं खरं.

आपल्या मराठवाड्यात असा बँडस्टँडवाला डोंगर नव्हता. आपण निजामाच्या राज्यात. खुलताबादेजवळ म्हैसमाळ आहे, थंड हवेचं म्हणतात. पण लातूर-नांदेडच्या माणसाचा डोंगर म्हणजे माहूर. तिथेही उघड्यावरचं संगीत होतंच: रेणुकेचा गोंधळ, संबळ, तुणतुणं, झांज, पोत पेटलेला. माझी आजी चैत्रात माहूरला गेली होती त्याचं वर्णन आयुष्यभर करायची. नेमकं उन्हाळ्यात, नेमकं डोंगरावर, नेमकं मोकळ्यावर. फक्त त्याला कुणी 'कॉन्सर्ट' म्हटलं नाही.

आता गोव्याकडे वळतो, कारण धागा तिथे आहे. पोर्तुगीजांनी चर्चबरोबर गावोगाव संगीताच्या शाळा काढल्या. तिथला शिक्षक म्हणजे मेस्त. पोराला आधी स्वरलिपी वाचायला शिकवायची, मग हाती व्हायोलिन द्यायचं. चर्चला गाणारे-वाजवणारे हवे होते म्हणून ही सोय. पण पोटासाठी ती विद्या घेऊन पोरं मुंबईला, लष्करी बँडांत, संस्थानिकांकडे, बोटींवर आणि डोंगरावरच्या हॉटेलांत गेली. उन्हाळी हंगामात मसुरीला आणि थंडीत मुंबई-दिल्लीला वाजवणारे कितीतरी गोवेकर होते. ते सगळ्यांत आतल्या जागी, स्टेजवर असत, पण पाहुणे कधीच नसत. ताज हॉटेलात ज्याच्या कर्ण्यावर लोक नाचायचे त्या वादकाची ये-जा मात्र मागच्या दाराने.

त्यांतल्या फ्रँक फर्नांडची गोष्ट मला फार आवडते. हा ट्रम्पेटवाला १९४६ च्या उन्हाळ्यात रूडी कॉटनच्या बँडबरोबर मसुरीत होता. गांधीजी त्या वेळी काही दिवस मसुरीला आले होते. दोघांची भेट झाली, आणि त्या भेटीनंतर आपण साहेबाचं जॅझ जसंच्या तसं का वाजवतो, त्यात आपल्या मातीचं काही का आणत नाही, असा विचार त्याच्या मनात घोळू लागला, असं त्याने पुढे सांगितलं आहे. १९६३ मध्ये त्याने 'आमचें नशीब' आणि १९६६ मध्ये 'निर्मोण' हे कोकणी चित्रपट काढले. डोंगरावर पाहुण्यांसाठी वाजवणारा माणूस आपल्या लोकांसाठी वाजवू लागला.

स्वातंत्र्यानंतर साहेब गेले, फाळणीत लाहोरची हॉटेलं सुटली, मुंबईत दारूबंदी आली आणि हॉटेलांतले बँड सुकले. हे सगळे वादक सिनेमाच्या रेकॉर्डिंगकडे वळले. लाहोरच्या स्टिफल्स हॉटेलात बँड चालवणारे सेबॅस्टियन डिसूझा पुढे वर्षानुवर्षं शंकर-जयकिशनांच्या गाण्यांची वाद्यरचना करत होते. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांनी १९५८ मध्ये स्वतःचा सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला आणि मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजच्या चौकात, उघड्यावर, रागांवर बांधलेल्या रचना वाजवल्या. सोबत गायला लता मंगेशकर आणि मन्ना डे. त्यांचेच शिष्य प्यारेलाल. म्हणून १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'मधल्या अँथनीचं आडनाव गोन्साल्विस. तो सिनेमा आपण सगळ्यांनी पाहिलाय, पण ते आडनाव एका खऱ्या व्हायोलिनवाल्याचं आहे हे मला पन्नाशीत कळलं.

तर सिनेमाच्या गाण्यामागचा साठ-सत्तर वाद्यांचा आवाज असा डोंगरावरून मुंबईत उतरला. तिथून तो आपल्याकडे आला रेडिओवरून. १९५२ मध्ये केंद्रात बाळकृष्ण केसकर हे आपलेच मराठी मंत्री नभोवाणी खात्यावर आले आणि आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळजवळ हद्दपार झाली. त्यांच्याच काळात आकाशवाणीचा राष्ट्रीय वाद्यवृंद निघाला, पंडित रविशंकरांकडे त्याची धुरा होती. उद्देश चांगला होता. लोकांनी मात्र सुई फिरवली आणि रेडिओ सिलोन लावला. १९५७ मध्ये विविधभारती सुरू करावी लागली, यातच काय ते आलं.

रेडिओवर ऐकलेलं डोळ्यांनी पाहायची ओढ असते. त्या ओढीवर साठीच्या दशकापासून ऑर्केस्ट्रे उभे राहिले. मुंबई-पुण्याचे मोठे संच होते. कल्याणजी-आनंदजींचे स्वतःचे स्टेज शो असत, त्यांतून जॉनी लिव्हर पुढे आला. सुदेश भोसले मेलडी मेकर्समधून आला. लातूरला येणारे संच बहुधा सोलापूर, बार्शी, पुण्याकडचे. तेव्हा आपल्याकडची रेल्वे मिरज-लातूर नॅरोगेज, बार्शी लाइट. ढोलक-बोंगो गाडीच्या टपावर चढवून आलेले मी पाहिलेत. गणपतीतल्या त्या कार्यक्रमांचं वर्णन गटावर भरपूर झालंय, मी भर घालत नाही. एवढंच नोंदवतो की पुढच्या दोन रांगांत खुर्च्या असत, त्यांवर व्यापारी, डॉक्टर, नगरसेवक. मग सतरंज्या, मग माती. बायका एका बाजूला दोरीपलीकडे आणि गच्च्यांवर. आमच्या वस्तीतली पोरं भिंतीवर. भिंतीवरून स्टेज मात्र सगळ्यांत चांगलं दिसायचं, हे खुर्चीवाल्यांना कधी कळलं नाही.

आता एप्रिल.

बाबासाहेबांची जयंती सार्वजनिक स्वरूपात पहिल्यांदा साजरी झाली ती पुण्यात, १४ एप्रिल १९२८ ला, जनार्दन सदाशिव रणपिसे यांच्या पुढाकाराने. बाबासाहेब हयात असतानाची गोष्ट. तिसाच्या दशकात आंबेडकरी जलसे सुरू झाले. भीमराव कर्डक यांचं नाव त्यांत मोठं. त्याआधी जोतीरावांच्या परंपरेतले सत्यशोधक जलसे होतेच. आपल्याकडे निजामी अंमल असल्यामुळे हे थोडं उशिरा रुजलं. १९५० मध्ये औरंगाबादला बाबासाहेबांनी कॉलेज काढलं, १९५६ मध्ये धर्मांतर झालं, आणि मराठवाड्यातल्या वस्त्यावस्त्यांत चौदा एप्रिल हा वर्षाचा सण झाला. जलसा हळूहळू गायन पार्टी झाला, कव्वालीसारखा दोन पार्ट्यांचा सामना झाला. सत्तरीत त्याच्या हँडबिलावर 'ऑर्केस्ट्रा' हा शब्द आला. शब्द सिनेमावाल्यांकडून घेतलेला, पण आतला माल आपला.

जयंती चौदाला असली तरी कार्यक्रम महिनाभर चालत. पार्ट्या थोड्या आणि वस्त्या फार, म्हणून तारीख मिळेल तशी जयंती: आज लातुरात, उद्या उदगीर, परवा अहमदपूर, मग लोहा, कंधार, नांदेड. मे उजाडायचा. उन्हाने जमीन तापलेली, विहिरी तळाला गेलेल्या, शाळेला सुट्टी. कार्यक्रम रात्री दहाच्या पुढे सुरू व्हायचा, कारण त्याआधी बसायची सोय नाही, खालून धग यायची. संध्याकाळी बायका अंगणातल्या रांजणातलं उरलंसुरलं पाणी मातीवर शिंपडायच्या. एप्रिलमध्ये! घरी हंड्याचा हिशोब चालायचा आणि इथे सडा. एकदा मी आईला त्याबद्दल विचारलं तर म्हणाली, "पाहुणे येणार हायत की रे." बसायला मोंढ्यातून आणलेली बारदानं. अहुजाचा ॲम्प्लिफायर, बाभळीच्या झाडाला बांधलेले दोन कर्णे, आणि वीज गेली की पेट्रोमॅक्स.

वाद्यं सांगतो. हार्मोनियम, ढोलक, तबला, टाळ, कोरस आणि बेंजो. बेंजोबद्दल थांबून सांगायलाच हवं. टाइपरायटरसारखी बटणं असलेलं ते तारांचं वाद्य आपण देशीच समजतो. ते मुळात जपानचं आहे. १९१२ मध्ये नागोया शहरात गोरो मोरिता याने ते बनवलं, तिथे त्याला ताइशोगोतो म्हणतात. आपल्याकडे येऊन ते बुलबुलतरंग झालं, मग बेंजो. स्वस्त, हलकं, शिकायला सोपं आणि कर्ण्यातून लांबवर जाणारं. व्हायोलिनचा ताफा आम्हाला परवडणार नव्हता. त्या ताफ्याची जागा आमच्याकडे एका बेंजोने भरून काढली. गायकाने ओळ सोडली की बेंजोवाला ती उचलायचा आणि रात्री दोनला झोपलेली पोरं जागी व्हायची.

गाणी वामनदादा कर्डकांची असत, किंवा त्यांच्या वळणावर स्थानिक कवींनी बांधलेली. वामनदादांचा जन्म १९२२ चा, सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचा. मुंबईत मजुरी करता करता मोठेपणी अक्षरं शिकलेला हा माणूस पुढे हजारो गाणी लिहितो आणि खांद्याला पिशवी लावून गावोगाव फिरतो. मराठवाड्यातल्या किती वस्त्यांत ते मुक्कामाला राहिले असतील, त्याची गणती नाही. दुसरे विठ्ठल उमप. दीक्षाभूमीवरच, २०१० मध्ये, कार्यक्रमातच कोसळले आणि गेले. आणि तिसरे प्रल्हाद शिंदे. त्यांचा आवाज तुम्हा प्रत्येकाला माहीत आहे, कारण आषाढीला तुमच्या घरी रेडिओवर विठ्ठलाची गाणी लागायची ती त्यांचीच. मंगळवेढ्याच्या मातीतला तो आवाज आषाढात तुमच्या माजघरात होता आणि एप्रिलमध्ये आमच्या बाभळीखाली. मधल्या अंतरात अर्धा मैलही नव्हता.

आपल्या गावांत सनई, हलगी, संबळ, पुढे लग्नाचा बँड, ही वाद्यं पिढ्यान्‌पिढ्या कुणी वाजवली? वरातीपुढे वाजवत जाणारे मांडवाच्या दारापर्यंत जायचे आणि तिथेच थांबायचे. जेवण बाहेर, पंगत उठल्यावर. माझे आजोबा हलगी वाजवायचे. छप्पन्नच्या धर्मांतरानंतर त्यांनी ती खुंटीला लावली आणि गावकी सोडली. घरात पैशाची चणचण झाली तरी पुन्हा काढली नाही. महाबळेश्वरच्या बँडमधला गोवेकर आणि मांडवाच्या दारातला माझा आजा यांची मी जोडी लावतो ती यासाठी. दोघंही दुसऱ्याच्या समारंभाला वाजवणारे. एप्रिलच्या त्या रात्री आमच्याकडे वाजवणारे आणि ऐकणारे एकच होते, बसायला बोलावणारेही तेच. हलगी तिथे पुन्हा निघाली. आजोबांनी नाही काढली, चुलत्यांनी काढली. आजोबा ऐकत बसले.

आमच्याकडेही सगळं बरोबरीचं होतं असं मी म्हणणार नाही. पुढारी आला की खुर्ची यायचीच, त्याचं भाषण लांबायचं आणि बेंजोवाला तारा जुळवत बसायचा. वर्गणीवरून भांडणं व्हायची. एका साली दोन गटांनी दोन स्टेज टाकले, समोरासमोर, दोन्ही कर्णे एकाच वेळी चालू. कुणालाच काही ऐकू आलं नाही. बायका मात्र दोरीपलीकडे नसायच्या, समोर बसायच्या, आणि फर्माइशीच्या चिठ्ठ्या त्याच पाठवायच्या. लिहिता येणाऱ्या पोरांकडून लिहून घ्यायच्या. माझं अक्षर बरं म्हणून ते काम माझ्याकडे असे. आपल्या मराठीच्या बाईंनी माझ्या अक्षराचं वर्गात कौतुक केलं होतं, त्यामागे या चिठ्ठ्यांचा सराव आहे.

१९७८ च्या जुलैमध्ये विधिमंडळात विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाडा पेटला. नांदेड आणि परभणी जिल्ह्यांतल्या खेड्यांत घरं जळाली, माणसं मारली गेली. तेव्हा आपण प्राथमिक शाळेत होतो. आमच्याकडे नांदेडकडचे नातेवाईक येऊन राहिले होते, एका खोलीत अकरा माणसं. पुढच्या एप्रिलला कार्यक्रम करायचा की नाही यावर वस्तीत दोन मतं होती. केला. कर्णे बांधले नाहीत, दिवे कमी ठेवले, दहाऐवजी आठलाच सुरू केला. त्या रात्री एक सायकल येऊन थांबली. आपले गणिताचे सर. सायकल बाभळीला टेकवून, धोतर सावरून ते बारदानावर येऊन बसले, माझ्या वडिलांशेजारी. कुणी खुर्ची आणायला धावलं तर त्यांनी हाताने नको म्हटलं. तासभर ऐकलं, कोरसच्या ओळीला मांडीवर ताल धरला आणि उठून गेले. दुसऱ्या दिवशी किंवा त्यानंतर कधीही ते याबद्दल बोलले नाहीत. पाचवीपासून त्यांनी मला शिकवलं, कान पिळले, उत्तर बरोबर असूनही पायऱ्या नाहीत म्हणून गुण कापले. त्या रात्रीचा उल्लेख नाही. सर आज नाहीत. त्यांच्या घरच्यांना हे ठाऊक नसेल, म्हणून छापून ठेवतो.

१९९४ चा एप्रिल मला सगळ्यांत जास्त आठवतो. आधीच्या सप्टेंबरात, गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या पहाटे, ३० तारखेला, किल्लारीचा भूकंप झाला. त्या रात्री तुम्ही-आम्ही सगळेच रस्त्यावर होतो, वेगळं सांगायला नको. १४ जानेवारीला विद्यापीठाचा नामविस्तार झाला. सोळा वर्षं ज्यासाठी माणसं झिजली ते झालं होतं, आणि औसा-उमरग्याकडचे सोयरे अजून पत्र्याच्या शेडमध्ये होते. हसावं की रडावं अशी जयंती. मी तेव्हा नांदेडला नोकरीला लागलो होतो, मुद्दाम लातूरला आलो. भिंतींच्या आत झोपायची भीती लोकांच्या मनातून गेली नव्हती, त्यामुळे पहाटेपर्यंत कुणी उठेना. गायक थकले, मग बायकांनीच धरलं. कोण गातंय, कोण ऐकतंय, हे तीननंतर सांगता आलं नसतं. बेंजोवाल्याच्या बोटाला चिंधी बांधलेली मला दिसते.

पुढचं थोडक्यात. ऐंशीच्या दशकात कॅसेट स्वस्त झाली, घरोघर टेप आला. मग यमाहाचा की-बोर्ड आणि ऑक्टोपॅड. एका माणसाच्या दोन काड्यांत ढोलक, बोंगो, ड्रम सगळं. वादक घटले. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहानंतर कर्णा बंद केला. नियम योग्यच आहे, माझं वय झालंय, मलाही झोप लागत नाही. पण दहाला सुरू होणारी गोष्ट दहाला संपवायची कशी? ती मिरवणुकीतल्या डीजेत गेली. त्याला चाल असते, ऐकायला बसायला जागा नसते.

२०१६ च्या एप्रिलची एक नोंद करून ठेवतो, काही जोडायचं म्हणून नाही, तारखा शेजारी आल्या म्हणून. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वेगाडी लातूरला आली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. १८ एप्रिलला मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर झुबिन मेहतांच्या ऐंशीव्या वाढदिवसानिमित्त इस्राएल फिलहार्मोनिकची उघड्यावरची मैफल झाली, आंद्रेआ बोचेली गायले. मधल्या चौदा तारखेला आमच्या वस्तीत जयंती होती. त्या वर्षी मातीवर पाणी शिंपडलं नाही. धग लागत होती तरी लोक बसले.

शालीमारच्या मैफलीचं चित्रीकरण आहे, कार्यक्रमपत्रिका आहे, वादकांची नावं आहेत. फ्रँक फर्नांड आणि गोन्साल्विस यांच्या मुलाखती घ्यायला उशिरा का होईना माणसं पोहोचली. आमच्या बेंजोवाल्याकडे कुणी पोहोचलं नाही. त्यांनी गाण्यांच्या सुरावटी शाळेच्या वहीत 'सारेगम'मध्ये लिहून ठेवल्या होत्या. ती वही त्यांच्या नातवाकडे नांदेडला मिळाली. अर्धी वाळवीने खाल्लीय. उरलेली साठेक पानं मी उतरवून घेतली आहेत. काही चालींवर गाण्याचं नाव नाही, नुसता गाव आणि तारीख आहे: उदगीर, २२ एप्रिल, लोहा, ३ मे.

तर संमेलनाला येताना माळ्यावर एकदा नजर टाका. कुणाकडे जुनं हँडबिल, वर्गणीची पावती, फर्माइशीची चिठ्ठी, टेप केलेली कॅसेट, काहीही असेल तर घेऊन या. गणपतीतल्या ऑर्केस्ट्राचं असलं तरी चालेल. मी स्कॅनर आणि कॅसेट लावायचा एक चालू टेप घेऊन येतोय. दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्त्यानंतर चित्रकलेच्या जुन्या खोलीत बसलेला असेन.